बर्फाचा पृष्ठभाग नेमका कुठे असतो?

तोडणीच्या आधी आडसाली उसाच्या फडावर ड्रोन उडवून उंचीचा नकाशा काढा. तोडणी झाल्यावर त्याच रानाचा पुन्हा काढा. दोन्हींची वजाबाकी केली की रान तीन-चार मीटर खचल्याचं दिसेल. वाळवा-पलूसकडचा कुठलाही शेतकरी तो नकाशा बघून सांगेल की माती जागच्या जागी आहे, गेलाय तो ऊस. आधी रानात काय उभं होतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो फसत नाही. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमचादरींवर हीच वजाबाकी वर्षानुवर्षं चालू आहे, पण तिथे बांधावर उभं राहून खरं काय ते सांगणारा कुणी नसतो. त्यामुळे आकडा हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: ही उंची कुठल्या पृष्ठभागाची?

हा प्रश्न किती महाग आहे बघा. ग्रीनलंडची हिमचादर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठी. एवढ्या क्षेत्रावर उंचीत सरसकट एक सेंटिमीटरची चूक झाली तर १७ घनकिलोमीटरचा फरक पडतो. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३ घनकिलोमीटर. एका सेंटिमीटरच्या चुकीत पावणेसहा कोयना धरणं मावतात. अंटार्क्टिका तर सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर. म्हणून इथे सेंटिमीटरवर भांडण होतं, आणि ते झालंच पाहिजे.

सध्या उंची मोजण्याचं सर्वांत बारीक साधन म्हणजे नासाचा लेसर उपग्रह आइससॅट-२. १५ सप्टेंबर २०१८ रोजी तो सोडला गेला. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून तो हिरव्या लेसरचे सेकंदाला १० हजार ठोके खाली टाकतो. तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. लागोपाठच्या दोन ठोक्यांत जमिनीवर फक्त ७० सेंटिमीटर अंतर पडतं आणि प्रत्येक ठोक्याचा ठिपका ११ मीटरच्या आसपास असतो. ठोक्यात असंख्य फोटॉन निघतात, परत दुर्बिणीत पोचतात ते मोजके. बर्फावरून साधारण दहा-बारा. त्या प्रत्येक फोटॉनचा जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजला जातो. एका नॅनोसेकंदाची गफलत झाली की उंचीत १५ सेंटिमीटर चुकतात.

किरण सहा आहेत, तीन जोड्यांत. जोडीतल्या दोन किरणांत सुमारे ९० मीटर अंतर, आणि दोन जोड्यांत ३.३ किलोमीटर. जोडी कशाला? उपग्रह ९१ दिवसांनी त्याच मागावर परत येतो, पण अगदी त्याच रेषेवर येत नाही, थोडा बाजूला सरकतो. जमीन उताराची असेल तर नुसतं बाजूला सरकल्यानेच उंची बदलल्यासारखी दिसते. शंभर मीटरला एक मीटर उतार आणि ३० मीटर सरक, म्हणजे ३० सेंटिमीटरचा खोटा फरक. जोडीतल्या दोन किरणांवरून आडवा उतार कळतो आणि हा फरक वजा करता येतो. ज्यांना कच्च्या फोटॉनांशी झगडायचं नाही त्यांनी एटीएल०६ ही फाइल घ्यावी. त्यात ४० मीटर लांबीचे तुकडे दर २० मीटरला बसवलेले असतात. वेळेनुसार बदल हवा असेल तर एटीएल११. सुरुवातीलाच कच्च्या फोटॉनांची एटीएल०३ फाइल उघडून बसणं मला वेळेचा अपव्यय वाटतो, एक अपवाद सोडून, आणि तो अपवाद पुढे वितळपाण्याच्या तळ्यांत येतो.

उंचीच्या संदर्भाबद्दल एक सूचना, कारण इथे नवखे हमखास अडकतात. आइससॅट-२ ची उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या ६० मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असलेलं सांगली शहर कच्च्या जीपीएस उंचीत ५०० च्याही खाली दिसतं. ग्रीनलंडमध्ये हे उलटं, तिथे समुद्रसपाटी लंबगोलाच्या वर आहे. ड्रोनच्या नकाशाची एक उंची, उपग्रहाची दुसरी, असं न बघता वजा केलं तर कित्येक मीटरांचा फरक येतो. एवढा मोठा फरक निदान डोळ्यांत तरी भरतो. दोन वेगळी जिऑइड (म्हणजे समुद्रसपाटी दाखवणारी) मॉडेलं वापरल्यावर येणारी अर्ध्या-एक मीटरची चूक जास्त घातक, कारण ती खऱ्या बदलासारखी दिसते.

लेसरला ढगांपलीकडचं दिसत नाही. रडारला दिसतं, पण रडार बर्फात शिरतं. क्रायोसॅट-२ हा युरोपीय रडार उपग्रह एप्रिल २०१० पासून १३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या केयू पट्ट्यात मोजतो. कोरड्या, थंड हिमात ही लाट काही मीटर आत जाते आणि आतल्या थरांवरूनही परतते. फ्रान्स आणि इस्रोने मिळून २५ फेब्रुवारी २०१३ रोजी पीएसएलव्हीवरून पाठवलेला सरल हा त्यामानाने वरचा पृष्ठभाग बघणारा. त्याचा अल्टिका रडार ३५.७५ गिगाहर्ट्झच्या केए पट्ट्यात आहे आणि त्याची लाट कोरड्या हिमातही साधारण एक मीटरच्या आतच थांबते. एकाच जागी लेसर, केए आणि केयू यांनी तीन वेगळ्या उंच्या दिल्या तर कुणीही चुकलेलं नसतं. उसाच्या फडातही तसंच होतं: आखूड लाट शेंड्याच्या पाल्यावरूनच परतते, लांब लाट कांड्यांपर्यंत आणि मातीपर्यंत पोचते.

खरी पंचाईत होते ती हा आतला थर बदलतो तेव्हा. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या जवळपास सगळ्या पृष्ठभागावर, सुमारे ९७ टक्के क्षेत्रावर, वितळ नोंदली गेली. एरवी न वितळणाऱ्या उंच मध्यभागीसुद्धा. वरचं पाणी हिमात झिरपून पुन्हा गोठलं आणि बर्फाचा टणक पापुद्रा तयार झाला. आधी खोलवरून परतणारी रडारची लाट आता त्या पापुद्र्यावरूनच परतू लागली, आणि क्रायोसॅटच्या नोंदीत उंच भागातली हिमचादर अर्ध्या मीटरहून जास्त वर आल्यासारखी दिसली. वितळीच्या वर्षी उंची वाढली! अशी उडी दिसली की परतलेल्या लाटेचा आकार बघायचा: चढाची कड तीव्र झालीय का, शेपूट आखूड झालीय का. दोन्ही झालं असेल तर हिम साठलेलं नाही, परावर्तनाचा थर वर आलाय.

आणि उंची खरी असली तरी वजन कळतंच असं नाही. ताज्या हिमाची घनता घनमीटरला ३०० किलोच्या आसपास, शुद्ध बर्फाची ९१७. एक मीटर हिम दाबून निम्मं झालं तर उंची घटते, वजन तेवढंच राहतं. वजनासाठी वेगळी साधनं आहेत. २००२ ते २०१७ ग्रेस आणि २०१८ पासून ग्रेस-एफओ ही उपग्रहांची जोडी एकमेकांतलं सुमारे २२० किलोमीटरचं अंतर मोजत राहते आणि गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून वस्तुमान काढते. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची आहे, पृष्ठभागाच्या अभ्यासात ती पडताळ्यापुरती.

आता प्रतिमा घेणारं रडार. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा महापूर सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या चित्रावर काढून बघितला असेल तर तुम्हाला यातलं अर्धं येतंच. शांत पाणी लाट दुसरीकडे उडवून लावतं, म्हणून काळं दिसतं. ओलं हिमही काळं दिसतं, पण कारण वेगळं: त्यातलं पाणी लाट शोषून घेतं. त्याच मागावरच्या हिवाळी, कोरड्या हिमाच्या चित्राशी तुलना करून परतणाऱ्या लाटेचा जोर ३ डेसिबलपेक्षा जास्त घसरला तर ओलं हिम, हा जुना आणि टिकाऊ नियम. मात्र तुलना त्याच मागाशीच करायची. उपग्रहाचा उत्तरेकडे चढता आणि दक्षिणेकडे उतरता मार्ग मिसळला की कोन बदलतो आणि दोन-तीन डेसिबलचा फरक फुकटचाच येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा रडार उपग्रह निसार १२ दिवसांनी त्याच जागी परततो आणि एल व एस अशा दोन पट्ट्यांत बघतो. एल पट्ट्याची लाट सुमारे २४ सेंटिमीटरची. वरचं भुरभुरं हिम वाऱ्याने हललं तरी तिचं नातं खालच्या थरांशी टिकून राहतं, म्हणून बर्फाचा वेग काढायला ती फार उपयोगी. उंची काढायला मात्र तीच लाट सर्वांत फसवी, कारण ती सर्वांत खोल जाते.

उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या कडेच्या भागात निळी तळी साठतात. बर्फ पुढे सरकत असतो, तळी मात्र दर वर्षी जवळपास त्याच जागी भरतात. कृष्णेच्या पात्रात खडकाच्या आडोशाला भोवरा जसा जागचा हलत नाही, पाणी मात्र वाहून जातं, तसंच. खोलगट जागा खालच्या खडकाच्या आकाराने ठरते, बर्फाने नाही. सेंटिनेल-२ या कॅमेऱ्याच्या उपग्रहाच्या, १० मीटर पिक्सेलच्या चित्रावर ही तळी शोधायला निळा वजा लाल भागिले निळा अधिक लाल हे गुणोत्तर वापरतात आणि ०.२५ च्या वर गेलं की पाणी मानतात.

इथे एक खड्डा आहे, त्यात माणसं अजून पडतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. आधी ते वजा करायचे, मग १० हजारांनी भागायचं. नाही केलं तर काय होतं? समजा तळ्यावर निळ्याचं परावर्तन ०.३५ आणि लालचं ०.२०. गुणोत्तर ०.२७, तळं सापडलं. हजार वजा करायचे राहिले तर तेच आकडे ०.४५ आणि ०.३० होतात, गुणोत्तर ०.२० आणि तळं नकाशावरून गायब. २०२१ आणि २०२२ ची तुलना करणाऱ्याला वाटतं तळी घटली. गूगल अर्थ इंजिनवर काम करत असाल तर नावात हार्मोनाइज्ड असलेला संच घ्या, तिथे ही दुरुस्ती आधीच केलेली असते. याशिवाय ढग आणि हिम दोन्ही पांढरे. ते ओळखायचे १.६ मायक्रोमीटरच्या ११ व्या पट्ट्यात: तिथे हिम काळवंडतं, पाण्याच्या थेंबांचे ढग उजळ राहतात. सूर्य क्षितिजापासून २० अंशांच्या खाली असलेली चित्रं सरळ बाजूला ठेवा, सावल्या तळ्यांसारख्या दिसतात.

तळ्याची खोली काढायची असेल तर एटीएल०३ चे कच्चे फोटॉन उघडा, हाच तो अपवाद. हिरवा लेसर स्वच्छ वितळपाण्यात शिरतो आणि फोटॉनांच्या दोन रेषा दिसतात, एक पाण्याची आणि एक तळाची. त्यांतलं अंतर थेट खोली म्हणून वापरू नका. पाण्यात प्रकाश हळू चालतो, म्हणून दिसणाऱ्या खोलीला १.३३ ने भागावं लागतं. चार मीटर दिसलं तर खरं तीनच मीटर.

अशी तळी काही तासांत रिकामी होऊ शकतात. पाण्याच्या भाराने भेग तळापर्यंत जाते आणि पाणी हिमचादरीच्या बुडाशी पोचतं. जुलै २०१८ मध्ये पश्चिम ग्रीनलंडच्या स्टोअर हिमनदीवर एका तळ्याचं सुमारे ५० लाख घनमीटर पाणी पाच तासांत खाली गेलं, बर्फाचा वेग दिवसाला दोन मीटरवरून पाचाच्या वर गेला आणि पृष्ठभाग अर्धा मीटर उचलला गेला. उपग्रहाला त्यातलं आधीचं आणि नंतरचं चित्र मिळालं असतं. मधलं मिळालं ते ड्रोनमुळे.

ड्रोनचं गणित आपल्याकडच्या सर्वेक्षणासारखंच आहे. १३.२ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर, ८.८ मिलिमीटरची भिंग-लांबी, ५४७२ पिक्सेल आणि १०० मीटर उंची घेतली तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेंटिमीटरचा. एका फोटोत १५० बाय १०० मीटर जागा येते. पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप ठेवला तर दर २० मीटरला फोटो आणि ओळींत ४५ मीटर अंतर. एका चौरस किलोमीटरला २३ ओळी, साडेअकराशेच्या आसपास फोटो. सेकंदाला ८ मीटर वेगाने नुसत्या ओळींनाच ४८ मिनिटं. सांगलीत हे दोन-तीन बॅटऱ्यांत होतं. बर्फावर चार धरा, कारण थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि ताण पडला की व्होल्टेज एकदम कोसळतं. टक्के भरपूर दाखवत असतानाच ड्रोन उतरायला लागतो. बॅटरी २० अंशांपर्यंत गरम करून मगच लावा, तोवर अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. उडाल्यावर मिनिटभर जागीच तरंगत ठेवा, मग दूर पाठवा. शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते. परतीसाठी एक तृतीयांश चार्ज राखा. हिमचादरीवरून थंड, जड हवा उताराकडे वाहत असते, आणि ती जोर धरते तेव्हा सूचना देत नाही.

कोरड्या कडक थंडीपेक्षा शून्य ते उणे दहा अंशांतलं धुकं वाईट. प्रोपेलरच्या पुढच्या कडेवर बर्फ धरतो, उचल कमी होते, मोटार जास्त करंट ओढते. अशा हवेत ड्रोन पेटीतच ठेवावा.

होकायंत्र हा वेगळाच त्रास. चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जवळपास उभं असतं, आडवा भाग क्षीण. ड्रोनला दिशा कळत नाही आणि तो गोल-गोल भरकटत जातो. उपाय म्हणजे दोन जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांच्या) अँटेना लावून दिशा काढणारी यंत्रणा, किंवा पंखांचा ड्रोन, जो उडण्याच्या मार्गावरूनच आपली दिशा ठरवतो. पोटाखालच्या कॅमेऱ्याने स्थिर राहणारी सोयसुद्धा पांढऱ्याशुभ्र हिमावर निकामी होते, तिला धरायला खूणच मिळत नाही.

कॅमेरा आपोआपवर सोडला तर तो पांढरं हिम राखाडी करतो. एक ते दीड स्टॉप वाढवा, पण हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. फोकस हाताने, फाइल रॉ, शटर एक हजारांशापेक्षा वेगवान. उतरतं ऊन बरं, वाऱ्याने कोरलेल्या सळांच्या सावल्या पडतात आणि सॉफ्टवेअरला जुळवायला काहीतरी मिळतं. ढगाळ दिवशी ताज्या हिमावर घेतलेल्या फोटोंतून नकाशा बनत नाही, हे आधीच मान्य करावं.

जमिनीवरच्या खुणांसाठी आपण चुन्याची फुली मारतो किंवा काळं-पांढरं फ्लेक्स टाकतो. बर्फावर काळं कापड चालत नाही. ऊन शोषून ते खालचा बर्फ वितळवतं आणि दोन दिवसांत खड्ड्यात जाऊन बसतं. फिकट नारिंगी कापड वापरा आणि उड्डाण संपलं की उचला. जीएनएसएसच्या तिपाईचे धातूचे पायही असेच रुततात आणि ती कलते. पायांखाली पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळ्या द्या, किंवा बर्फात दोन मीटर खोल भोक पाडून खांब रोवा आणि उघडा भाग रोज टेपने मोजा. हीच मोजणी वितळीचा स्वतंत्र पडताळा म्हणून कामी येते. दहा खुणा टाकल्या तर तीन गणितात घेऊ नका, फक्त तपासायला ठेवा. सगळ्या ओळी समांतर आणि कॅमेरा सरळ खाली असेल तर नकाशा मध्ये फुगतो किंवा खचतो. काही ओळी आडव्या घ्या आणि थोडे फोटो १५-२० अंश तिरपे, म्हणजे तो फुगवटा बसतो.

आणि बर्फ चालतो. दिवसाला पाच मीटर चालणारा बर्फ तासात २० सेंटिमीटर सरकतो. सर्वांत वेगवान हिमनद्या, जशी ग्रीनलंडची याकोब्सहावन, कधी काळी दिवसाला चाळीस मीटरांच्या वर गेल्या आहेत. तिथे अर्ध्या तासाच्या उड्डाणातच बर्फ ८० सेंटिमीटर पुढे जातो, पहिली ओळ आणि शेवटची ओळ एका जागेची राहत नाही. वेग मोजायचा असेल तर बेस स्टेशन, म्हणजे ड्रोनची जागा ज्याच्या संदर्भाने ठरते तो जीएनएसएस, खडकावर हवं. वितळ मोजायची असेल तर बेस बर्फावरच ठेवणं मला जास्त बरोबर वाटतं, कारण तो बर्फाबरोबर चालतो आणि तुम्ही त्याच बर्फाकडे पुन्हा बघता. फक्त त्याची स्वतःची जागा वेगळ्या गणिताने नोंदवत राहा. घाईही नको. प्रत्येक नकाशात ५ सेंटिमीटर चूक असेल तर वजाबाकीत ती ७ होते. दिवसाला ४ सेंटिमीटर वितळत असेल तर रोज उडवून काही कळणार नाही, पाच दिवसांनी उडवा.

हे सगळे कष्ट कशासाठी? उपग्रहाच्या एका पिक्सेलचा अर्थ लावण्यासाठी. सेंटिनेल-२ च्या एका पिक्सेलमध्ये ३ सेंटिमीटरचे लाखभर ड्रोन-पिक्सेल बसतात. नासाच्या मोडिस या कॅमेऱ्याच्या ५०० मीटरच्या पिक्सेलमध्ये सेंटिनेलचे २५०० बसतात. समजा एका पिक्सेलमध्ये १५ टक्के जागा काळ्या गाळाची, तिचं परावर्तन ०.१५, आणि बाकी स्वच्छ बर्फ ०.५५. सरासरी ०.४९. शेजारच्या पिक्सेलमध्ये सगळीकडे सारखा मळकट बर्फ, तोही ०.४९. उपग्रहाला दोन्ही एकच. पण पहिल्यात गाळ खड्ड्यांत बसून खाली उतरतो, सूर्य कलला की खड्ड्याच्या आड लपतो. दुसऱ्यात तो पृष्ठभागावरच पसरलेला आहे आणि दिवसभर तापतो. नैर्ऋत्य ग्रीनलंडच्या काळ्या पट्ट्यात बर्फावर वाढणाऱ्या जांभळट शेवाळाचा वाटा किती आणि धुळीचा किती, हे अशाच ड्रोन-चित्रांतून उलगडत गेलं. तिथे परावर्तन आधीच माहीत असलेली राखाडी पट्टी आणि वरून येणारा प्रकाश मोजणारा सेन्सर सोबत नसेल तर परावर्तनाचा आकडा लिहूच नये.

सातारा-सांगलीत बसून यातलं बरंच करता येतं. डेटा फुकट आहे, क्यूजीआयएस, स्नॅप आणि ओपनड्रोनमॅप ही सॉफ्टवेअरंही फुकट. पांढऱ्या पृष्ठभागाचा सराव करायला पांढरा वॉटरप्रूफ रंग दिलेली गच्ची किंवा चंदेरी मल्चिंग अंथरलेलं रान घ्या, एक्स्पोजरची आणि फोटो जुळवण्याची तीच अडचण तिथे येते. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का बघा, तिथे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. कास पठार मात्र सोडा. प्रत्यक्ष बर्फावर जायचं असेल तर वाट गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून जाते, मैत्री आणि भारती ही आपली अंटार्क्टिकातली दोन्ही केंद्रं तेच चालवतं.

आणि आइससॅट-२ चा पहिला सराव ग्रीनलंडवर न करता कोयनेच्या शिवसागरावर करा. जलाशय उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि उपग्रहाचा मागही जवळपास तसाच, त्यामुळे पाण्यावरून लांब रेषा मिळू शकते. आपल्या अक्षांशावर उपग्रह मुद्दाम थोडा थोडा बाजूला बघतो, म्हणून माग दर वेळी वेगळा येईल. ऑक्टोबर ते मे या काळातले सगळे शोधा, पावसाळ्यात ढग काही मिळू देणार नाहीत. पाणी सपाट असतं, तेव्हा रेषेभरच्या उंच्या जिऑइड वजा केल्यावर काही सेंटिमीटरांत एकसारख्या यायला हव्यात. टोकापासून टोकापर्यंत उतार दिसला तर जिऑइड वजा करायचं राहिलंय किंवा चुकीच्या चिन्हाने केलंय. मग दोन तारखांतला फरक काढून धरणाच्या जाहीर पाणीपातळीतल्या फरकाशी ताडून बघा.